लायसन्स तुझं, चावी घराची

ताई,
मी बारावी सायन्सला आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे. अप्पांचे टॉवेलचे माग आहेत, भाड्याच्या शेडमध्ये. येत्या जानेवारीत, सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेत, मला अठरा पूर्ण होतील. क्लास सात रस्ता चौकाजवळ आहे. दोन शेअर रिक्षा बदलून जाते आणि रात्री परतताना रिक्षा लवकर मिळत नाही. घरात स्कूटर आहे, आईच्या नावावर. ती माझा भाऊ चालवतो. तो दहावीत, पंधरा वर्षांचा. नवी पेठेत माल पोचवणं, आज्जीला सिद्धेश्वर मंदिरात नेणं, सगळं तोच करतो. मी लायसन्सचा विषय काढला तर अप्पा म्हणाले, "तुला कशाला पाहिजे गं? सोलापूरचं ट्रॅफिक बघितलंस का? पुढं नवरा बघंल काय ते." आई गप्प बसली. एक मैत्रीण म्हणते सोळापासून लायसन्स मिळतं, आत्ताच काढ. दुसरी म्हणते एजंटला पैसे दिले की ट्रायलसुद्धा द्यावी लागत नाही. मी अप्पांना न सांगता काढू का? आणि आता तीनच महिने राहिलेत, तर तोवर अधूनमधून क्लासला गाडी नेली तर चालेल का? मला सायकल चांगली येते. कृपया नाव छापू नका.

*

नाव छापत नाही, निर्धास्त राहा.

तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतेच. पण पत्रात एक गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस, आणि मी तिथंच अडकले. गाडी आईच्या नावावर आहे. या चार शब्दांवर पुढे सविस्तर लिहिणार आहे. तोपर्यंत धीर धर.

आधी तुझ्या घरातल्या वादाबद्दल. त्यात लायसन्स आणि गाडी या दोन गोष्टी एकमेकीला बांधल्या गेल्यात. तू "लायसन्स काढते" म्हणतेस, अप्पांना ऐकू येतं "उद्यापासून गाडी मी नेणार". मग माल कोण पोचवणार, आज्जीला कोण नेणार, मुलगी रात्री एकटी कशी येणार, असे सगळे प्रश्न एकदम त्यांच्या अंगावर येतात आणि ते "नवरा बघंल" म्हणून विषय मिटवतात. या दोन गोष्टी सोडव. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन्ससाठी आई-वडिलांच्या संमतीची गरज नाही. अर्ज तुझा, सही तुझी, परीक्षा तुझी. गाडी कधी, कुठे आणि कोणी न्यायची हे मात्र घरात बसूनच ठरवावं लागेल, कारण ती एकच आहे आणि तिच्यावर घराचं पोट चालतं. पहिल्या गोष्टीसाठी परवानगी मागू नकोस, फक्त सांग. दुसरीसाठी माग, पण आज नाही. लायसन्स हातात आल्यावर.

आता मैत्रिणींचे सल्ले.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं आहे, पण अर्धंच. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात सोळा पूर्ण झालेल्यांना 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीची मुभा आहे, तीही पालकांच्या लेखी संमतीने. कायदा लिहिला गेला तेव्हा रस्त्यावर लूना होत्या. पुण्याच्या किनेटिकची लूना 1972 मध्ये आली, ती 50 सीसीची. तुझ्या आज्जीला विचार, गल्लीत कुणाकडे तरी असेल. आज शोरूममध्ये जी पेट्रोलची स्कूटर मिळते ती बहुतेक वेळा 110 किंवा 125 सीसीची असते. म्हणजे सोळाव्या वर्षीचं ते लायसन्स खिशात ठेवून घरातली स्कूटर चालवणं हे बिनालायसन्स चालवण्यासारखंच. बरेच पालक इथं फसतात. मुलाकडे लायसन्स आहे म्हणून निश्चिंत असतात, त्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. तुझे तीनच महिने राहिलेत, तू या भानगडीत पडूच नकोस.

तीन महिने अधूनमधून गाडी नेण्याचं म्हणशील तर, अजिबात नको. हे मी पोक्तपणा दाखवायला म्हणत नाही, यात तुझाच तोटा सगळ्यात मोठा आहे. 2019 मध्ये कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यातलं कलम 199 अ म्हणतं, की अल्पवयीन मुलाने किंवा मुलीने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याला किंवा तिला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळणार नाही. शिकाऊसुद्धा नाही. जानेवारीत मिळणारी गोष्ट ऑक्टोबरच्या एका फेरीपायी सात वर्षं लांबवायची, असा तो सौदा आहे. रिक्षाचा वैताग मला कळतो. सिटी बसची काय अवस्था आहे ते सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. तरी या तीन महिन्यांत क्लासमधल्या अठरा पूर्ण झालेल्या, लायसन्स असलेल्या एखाद्या मुलीच्या मागे डबलसीट बस, अप्पांना रात्री सात रस्त्यावर यायला सांग, नाहीतर सायकल काढ. तुला ती चांगली येते म्हणतेस, आणि पुढे गाडी शिकताना तिचाच उपयोग होणार आहे.

एजंटचं काय? फॉर्म भरून देणाराला शे-दोनशे रुपये देणं ही एक गोष्ट आणि परीक्षा न देता लायसन्स घेणं ही दुसरी. पहिल्यात गैर काही नाही, चौकाचौकातले ई-सेवा केंद्रवाले हेच करतात, पण तुला तीही गरज नाही. बारावी सायन्सची मुलगी तू, कॉलेज प्रवेशाचा फॉर्म यापेक्षा किचकट असतो. दुसऱ्याबद्दल इतकंच म्हणते, की जिथं शेजारून उसाची ट्रॉली जाते त्या रस्त्यावर तुला उतरायचंय. ट्रायल न देता मिळालेला कागद तिथं काय कामाचा? शिवाय अप्पांचा मुख्य आक्षेपच ट्रॅफिकचा आहे. "मी आरटीओत जाऊन गाडीने आठचा आकडा काढून पास झाले" हे तुझ्या हातातलं एकमेव उत्तर आहे. ते पैसे देऊन घालवू नकोस.

लपवून काढावं का, याचं उत्तर गमतीशीर आहे. बहुतेक तुला लपवताच येणार नाही. शिकाऊ लायसन्सचा अर्ज आता परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर आधार क्रमांकाने होतो आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. लहानपणी काढलेल्या आधारला बहुतेक घरांत वडिलांचाच नंबर असतो. म्हणजे तू खोलीत बसून गुपचूप अर्ज भरशील आणि तिकडे मागाच्या खडखडाटात अप्पांचा फोन वाजेल. समजा ओटीपीचं जमलं, तरी पक्कं लायसन्स टपालाने घरी येतं. पोस्टमन ते शेडवर अप्पांच्याच हातात देऊन जाईल. तेव्हा सांगूनच काढ. लपवलंस तर ते कायदा मोडणं होत नाही, पण पुढे चावी मागायची आहे ती त्यांच्याकडेच.

आता आईच्या नावाकडे येते.

आपल्याकडे गाडी बायकोच्या नावावर घेण्याची पद्धत आहे. कुणी कर्जासाठी घेतं, कुणी शुभ म्हणून, कुणी प्रेमाने. आई ती कधी चालवत नाही, तिला विचारून कुणी चावी घेत नाही, पण आरसी बुकात मालक म्हणून नाव तिचं. तुझा पंधरा वर्षांचा भाऊ टॉवेलचे गठ्ठे घेऊन रोज नवी पेठेत जातो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती तिची गाडी असते आणि तिच्या संमतीनेच निघालेली असते. त्याच कलम 199 अ मध्ये पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा आहे तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. पालकाला माहीत होतं, त्याची संमती होती, असं न्यायालय गृहीत धरूनच चालतं. "आम्हाला न विचारता नेली" हे सिद्ध करण्याचा भार पालकावर आहे. आणि रोज माल पोचवणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे कोण सिद्ध करणार? नवी पेठेतला प्रत्येक दुकानदार साक्षीदार आहे.

विम्याचं त्याहून वाईट. गाडीने कुणाला इजा झाली आणि चालवणाराकडे लायसन्सच नव्हतं, तर विमा कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन तेवढी रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. मालक कोण? आई. आपल्या गाडीचं नुकसान तर कंपनी भरतच नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि नंतर मुलाच्या वडिलांना अटक झाली. अप्पांनी ते टीव्हीवर पाहिलं असणार. आपल्याला वाटतं ते बड्यांचं, कोट्यवधींच्या गाड्यांचं. कलम मात्र त्या गाडीला आणि टॉवेलचे गठ्ठे नेणाऱ्या स्कूटरला एकच आहे.

हे घरात कसं बोलायचं, यावर मी बराच विचार केला. तुझ्या जिभेवर एक वाक्य तयार असेल: "त्याला ट्रॅफिक चालतं, मला नाही?" बरोबर आहे ते. मुलाच्या हातात पंधराव्या वर्षी गाडी आणि मुलीला अठराव्या वर्षीही नाही, यात काय आहे ते तुला दिसतं, मला दिसतं, आणि माझा अंदाज आहे, तुझ्या गप्प बसलेल्या आईलाही दिसतं. तरी ते वाक्य गिळ. ते बोललीस की भावाचं गाडी चालवणं हा बहीण-भावातला हिशोब होतो आणि अप्पा म्हणतात, "जळू नकोस." मग खरा धोका होता तिथंच राहतो. तुझं लायसन्स आणि त्याचं गाडी चालवणं हे दोन विषय वेगवेगळ्या दिवशी काढ. मधे पंधरा दिवस जाऊ देत.

भावाचा विषय आधी आईशी बोल, एकटीशी, भाऊ क्लासला गेला की. तिला आरसी बुक काढायला सांग आणि त्यावरचं नाव वाचून दाखव. भीती घालू नकोस, पण गोड करूनही सांगू नकोस. नाव तिचं आहे, तर चावीबद्दल पहिला शब्दही तिचा असायला हवा, एवढं तिच्या मनात उतरलं तर पुढचं अप्पांशी ती बोलेल. तू बोलण्यापेक्षा ते बरं.

आणि भावाला यात गुन्हेगार करू नकोस गं. त्याला गाडी दिली मोठ्यांनी. मागाच्या धंद्यात हात कमी पडतात म्हणून घरातलं पोरगं राबतंय, ही हौस नव्हे, गरज आहे. "बंद करा" म्हणून गरज बंद होत नाही, माल तर जायलाच पाहिजे. तेव्हा पर्याय घेऊन बोला. रोज दोन फेऱ्या होत असतील तर एक करून ती अप्पांनी करावी, नाहीतर जवळच्या दोघा-तिघा मागवाल्यांनी मिळून एक टेम्पो रिक्षा लावावी. आज्जीसाठी रिक्षा. लायसन्स न लागणारी कमी वेगाची ई-बाईक हाही एक मार्ग म्हणून कुणीतरी सुचवेल. 250 वॉटपर्यंतची, ताशी 25 किलोमीटरच्या वर न जाणारी असेल तर तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, हे खरं आहे. पण काही विक्रेते "थोडा वेग वाढवून देतो" म्हणतात. वेग वाढवला की ती सवलत संपली, आणि आपण परत पहिल्या पानावर. गठ्ठे नेण्याच्या कामाची ती नाहीच, मला विचारशील तर.

तुझ्या लायसन्सचं वेळापत्रक मात्र तू नीट आख. अठरा झाले की दुसऱ्या दिवशी अर्ज भरायचा मोह होईल. थांब. गड्डा संपतो न संपतो तोच प्रॅक्टिकल, आणि फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर. त्या काळात तू गाडीचं नाव काढलंस तर अप्पांना आयतं कारण मिळेल. शेवटचा पेपर झाला की मार्चमध्ये अर्ज कर. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर तीस दिवस उलटले की पक्क्यासाठी ट्रायल देता येते. म्हणजे सीईटी वगैरे सांभाळून मे-जूनमध्ये निवांत ट्रायल दे, कॉलेज सुरू व्हायच्या आत हातात असेल.

शिकाऊची परीक्षा आधारवरून अर्ज केला तर घरी बसूनच देता येते, मराठीत. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात, तो पुढे ढकलू नकोस, प्रश्न बरेचसे त्याच वळणाचे असतात. खुणा पाठ कर: लाल कडेचं गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध, निळा चौकोन म्हणजे माहिती. आणि परीक्षा स्वतः दे. तुझ्या जागी चुलतभाऊ बसून उत्तरं देतो, असं घराघरात चालतं म्हणे. त्याचा तुला काय उपयोग?

पैशाचं म्हणशील तर केंद्राच्या नियमात शिकाऊला एका प्रकारच्या गाडीसाठी 150 आणि परीक्षेचे 50, पक्क्याला ट्रायलचे 300 आणि लायसन्सचे 200. वर थोडे सेवेचे आणि टपालाचे. एका गाडीचं सगळं मिळून हजाराच्या आतलं काम आहे. एजंटचा आकडा ऐकलास की हा आकडा आठव. स्कूटरचंच काढायचं की गिअरच्या गाडीचंही, हे आधी ठरव, कारण ज्या प्रकारचं लायसन्स हवं तसली गाडी ट्रायलला न्यावी लागते. गिअरची मोटरसायकल शिकायची सोय असेल तर मी म्हणेन तीच शीक. नसेल तर हट्ट नको, नंतर वाढवून घेता येतं.

इथं एक मेख आहे. ट्रायलला नेलेल्या गाडीचे कागद चालू लागतात: आरसी, विमा, पीयूसी. तुमच्या स्कूटरचा विमा शेवटचा कधी भरला ते बघ. रोज वापरातल्या जुन्या गाड्यांचा विमा संपलेला असतो आणि घरात कुणाच्या गावीही नसतं. सगळं एकदम आरटीओच्या दारात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. आईशी आरसी बुक काढून बसशीलच, तेव्हाच विम्याची तारीखही वाच.

शिकायचं कुणाकडून हा प्रश्न खरा अवघड. शिकाऊ लायसन्सवर मागे ज्याला बसवायचं तो लायसन्सवाला आणि शिकवणारा असावा लागतो, मैत्रिणीला मागे बसवून फिरायची परवानगी त्यात नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. भाऊ कितीही सफाईने चालवत असला तरी तो तुला शिकवू शकत नाही. मला वाटतं, अप्पांनाच सांग. "मला शिकवा" म्हण. "लायसन्स काढते" याला त्यांनी नाही म्हटलं, पण शिकवायला नाही म्हणणं बापाला जड जातं. नाहीच जमलं तर मुलींना दुचाकी शिकवणाऱ्या बायका हल्ली शहरात आहेत. फी ठरवायच्या आधी त्यांचं स्वतःचं लायसन्स मागून बघ, लाजू नकोस.

जागा म्हणून जुळे सोलापूरकडचे मोकळ्या प्लॉटिंगमधले रस्ते सकाळी बरे, किंवा सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतले. सुरुवातीला वेग नकोच. हळू चालवणं जास्त कठीण असतं. पाय न टेकवता, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरळ रेषेत जाता आलं की आठचा आकडा आपोआप जमतो. आठ काढताना नजर चाकाकडे गेली की पाय खाली आलाच, वळणाच्या पुढे बघायचं. दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू दाबायची सवय लाव. नुसता पुढचा करकचून दाबला आणि खाली वाळू असली की गाडी घसरते, आणि आपल्याकडे वाळू कुठे नाही? उजवीकडे वळताना आरसा, हात किंवा इंडिकेटर, मग मान वळवून नजर. नुसत्या आरशावर विसंबू नकोस. ट्रायलला नापास झालीस तरी काही बिघडत नाही, सात दिवसांनी परत देता येते. तीनदा नापास झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं.

अप्पांचा ट्रॅफिकचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. शहरातून जाणारे ट्रक, पुणे नाक्यापासूनची वर्दळ, भर चौकात वळणाऱ्या रिक्षा, हे सगळं खरंच आहे. आणि ऊस. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने सुरू झाले की दिवाळीच्या आसपासपासून पार मार्चपर्यंत डबल ट्रॉल्या रस्त्यावर असतात, वाट्टेल तेवढ्या भरलेल्या. कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अंधारात तुझ्या हेडलाइटला पुढे भिंत उभी दिसते आणि तोवर उशीर झालेला असतो. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीत घुसायचं नाही. डावीकडून तर कधीच पुढे जायचं नाही, वळताना ती ट्रॉली आत घेते. पहिल्या हंगामात दिवस मावळल्यावर शहराबाहेर जायचंच नाही, असं तू स्वतःहून अप्पांना सांग. मंगळवेढा रोड नाही, अक्कलकोट रोड नाही, मैत्रिणींबरोबर तुळजापूरही नाही. घर, क्लास, कॉलेज, आणि रात्री नऊच्या आत. ही मर्यादा तूच घालून घेतलीस तर ते जास्तीची घालणार नाहीत. सहा महिन्यांनी परत बोलता येईल.

हेल्मेटचं सोलापुरात काय होतं ते आपण सगळे बघतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, डोक्यात घामाच्या धारा, मग ते आरशाला लटकतं. कायद्याने चालवणाऱ्याला आणि मागच्याला, दोघांना लागतं. नसेल तर हजार रुपये दंड आणि वर लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होण्याची तरतूद. पण दंड सोड. हवेला वाट असलेलं, आयएसआय शिक्क्याचं, हनुवटी झाकणारं घे आणि घालून बघूनच घे. वेणी खाली घाल, डोक्यावर गाठ आली की हेल्मेट नीट बसत नाही आणि झटक्यात निघतं. आपल्याकडे मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतात, तो हेल्मेटच्या आत आणि टोकं कुर्त्यात खोचलेली. ओढणीचं तर मी प्रत्येकीला सांगते, गाडीवर बसण्याआधी काढून पिशवीत. मागच्या चाकात ओढणी अडकली की सावरायला वेळच मिळत नाही.

आणखी एक, थोडं तिरकस वाटेल. लायसन्स आलं की घरातलं धोरण एका रात्रीत बदलू शकतं. काल "तुला कशाला" म्हणणारेच उद्या माल, आज्जी, दळण, सिलिंडर, आत्याला स्टँडवर सोडणं, सगळं तुझ्या गळ्यात घालतील, कारण आता घरात कायदेशीर चालवणारी तू आहेस. काही कामं जरूर घे. भावाच्या हातातली चावी सुटायला त्याने मदत होईल. पण कोणती घेणार हे आधी ठरव आणि क्लासच्या वेळा त्यात मोडू देऊ नकोस, नाहीतर गाडी मिळूनही तू क्लासला रिक्षानेच जाशील.

"पुढं नवरा बघंल" याचं उत्तर द्यायचंच झालं तर वाद न घालता एवढी माहिती दे, की अठराव्या वर्षी काढलेलं लायसन्स चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं आणि भारतभर चालतं.

आता आजच्या रात्रीचं काम. आधार कार्ड काढ आणि त्यावरची जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी जुळवून बघ. नंबर कुणाचा जोडलाय ते बघ. अप्पांचा असेल तर तुझा करून घे, आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे परत द्यायचे असतात ते दिलेत का तेही आधार केंद्रात विचार. भावालाही सोबत ने, त्याचंही वय त्याच टप्प्यावर आहे. रक्तगट माहीत नसेल तर तपासून घे, अर्जात विचारतात. हे सगळं डिसेंबरच्या आत उरकलं की मार्चमध्ये अर्ज भरायला अर्धा तास पुरेल.